लाकूड आधी ओळखा, मग लेथवर चढवा

नाशकात लेथकामासाठी (यंत्रावर फिरवत कातायच्या कामासाठी) लाकूड शोधत लांब जावं लागत नाही. पंचवटीत किंवा जुन्या नाशकात एखादा वाडा उतरवला की तुळया, कड्या, खांब, चौकटी वखारीत नाहीतर भंगारात येतात. वळवाच्या पावसात रस्त्याकडेची झाडं आणि मोठ्या फांद्या कोसळतात. निफाड-दिंडोरीकडे जुनी द्राक्षबाग काढली की खोडांचे ढीग बांधावर लागतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांबाहेर पॅकिंगच्या पेट्या आणि पॅलेट असतातच. अडचण एवढीच, की या लाकडावर नाव लिहिलेलं नसतं. सुकताना किती फाटेल, हत्याराची धार किती खाईल, भुसा नाकात गेला तर काय होईल, त्यात खायचं ठेवता येईल का, हे सगळं जातीवर ठरतं. म्हणून लेथ सुरू करण्याआधीची पंधरा-वीस मिनिटं मला सर्वात महत्त्वाची वाटतात.

झाड पडलेलं असेल आणि पानं अंगावर असतील, तर काम सोपं आहे. एक पानाची डहाळी, एक शेंग किंवा फळ, आणि तळहाताएवढी साल घ्यायची. तिन्ही एका कागदी पिशवीत घालून पिशवीवर नंबर टाकायचा आणि तोच नंबर ओंडक्याच्या तोंडावर खडूने लिहायचा. आपल्याकडे सर्वात जास्त घोळ होतो तो शेंगावाल्या झाडांत. वर्षावृक्षाची, म्हणजे रेन ट्रीची, शेंग जाड, काळपट आणि आतून चिकट-गोड असते, गुरं ती आवडीने खातात. साध्या शिरीषाची शेंग चपटी, पातळ, वाळक्या गवताच्या रंगाची, आणि वाऱ्यावर खुळखुळते. सोनमोहोराची शेंग लहान, तांबूस आणि दोन्ही टोकांना निमुळती. गुलमोहराची तर तलवारीसारखी, दीड-दोन फुटांची. सुबाभळीच्या चपट्या शेंगांचे घोसच्या घोस लटकतात. ही पाच झाडं लांबून सारखी दिसतात, पण त्यांच्या लाकडात जमीन-अस्मानाचा फरक आहे. गुलमोहर फिकट, मऊ, लवकर कुजणारा. लेथवर तो कापला न जाता तंतू उपटत राहतो. वर्षावृक्षाचा गाभा मात्र चॉकलेटी, आणि भोवती मलईच्या रंगाचा रुंद पांढरा भाग. वाडगं करायला याहून चांगलं फुकटचं लाकूड नाशकात नाही.

पानं नसतील, तर आडवा छेद बघायचा. करवतीने कापलेलं तोंड काहीच सांगत नाही, कारण तंतू चिरडलेले असतात. नव्या पात्याच्या कटरने त्या तोंडावरून नखाएवढी जागा एका झटक्यात साफ तासायची, थुंकीचं किंवा पाण्याचं बोट फिरवायचं, आणि १० पट दिसणारं भिंग डोळ्याला चिकटवून लाकूड जवळ आणायचं. भिंग लाकडाजवळ आणि डोळा लांब, असं धरलं तर काही दिसत नाही.

आता छिद्रं बघा. सागात वर्षाच्या सुरुवातीची मोठी छिद्रं एका ओळीत, वलयाला धरून बसलेली असतात, आणि पुढे ती बारीक होत जातात. म्हणून सागाची वलयं नुसत्या डोळ्यांनीही मोजता येतात. काही छिद्रांत पांढुरका साका भरलेला दिसतो. वर्षावृक्ष, शिरीष आणि बाभूळ यांत छिद्रं सगळीकडे विखुरलेली, आणि प्रत्येक छिद्राभोवती फिकट रंगाचं कडं. शिसवात याखेरीज बारीक, नागमोडी फिकट रेघा दिसतात आणि मूळ रंग जांभळट तपकिरी असतो, त्यात काळे पट्टे.

भिंगानंतर वजन. वाळलेल्या लाकडाचा ५ × ५ × ४ सेंमीचा ठोकळा अचूक कापला, की तो बरोबर १०० घन सेंमी होतो. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. वर्षावृक्ष साधारण ५० ते ६० ग्रॅम भरतो. आंबा, साग आणि शिरीष ६० ते ७०. कडुनिंब ७० ते ८०, बाभूळ ७५ ते ८५, सादडा म्हणजे ऐन ८० ते ९५. चिंचेचा गाभा आणि खैर ९०च्या पुढे जातात. या आकड्यांनी जात सिद्ध होत नाही, पण चुकीचे पर्याय बाद होतात. 'साग आहे' म्हणून दिलेला तुकडा ८८ ग्रॅम भरला, तर तो साग नाही. आमच्या भागातल्या जुन्या कड्यांच्या ढिगात असा तुकडा दिसला, तर मी सर्वात आधी सादडा धरून चालते. ठोकळा ओला असेल तर मात्र वजनाचा काहीच उपयोग नाही. ताज्या लाकडात निम्मं वजन पाण्याचंही असू शकतं.

साग आणि सादडा यांची गल्लत महागात पडते, म्हणून थोडं सविस्तर. दोन्ही शंभर वर्षं धूर, धूळ आणि तेलपाणी खाऊन वरून सारखेच काळे दिसतात. ताजा छेद घेतला की सागाला जुन्या चामड्यासारखा वास येतो, आणि अंगठा घासला तर तेलकटपणा जाणवतो. सादड्याला तसा वास नाही, तेलकटपणा नाही. रंग गडद तपकिरी, त्यात काळपट रेघा, आणि वलयं स्पष्ट वेगळी होत नाहीत. साग सुकताना शहाण्यासारखा वागतो. सादड्याला पृष्ठभागावर तडे जातात, त्याची नस (तंतूंची दिशा) आलटून-पालटून उलटी फिरते आणि लेथवर जागोजागी उपटते. म्हणून सादड्याची भांडी करण्यापेक्षा हत्यारांच्या मुठी आणि मोगऱ्या कराव्यात.

वासाचा उपयोग कडुनिंबातही होतो. ताजा छेद दिला की उग्र वास येतो, आणि भुसा घशात गेला तर कडवट लागतो. गाभा तांबूस, थोडा महोगनीसारखा, आणि हे बरोबरच आहे, कारण दोघं एकाच कुळातले. बाभळीचा गाभा कापल्यावर गुलाबी दिसतो आणि उन्हात काही दिवसांत तांबडा-तपकिरी होतो. शंका असली तर हिराकस (लोहाचा क्षार, फेरस सल्फेट) वापरा. चिमूटभर हिराकस अर्ध्या वाटी पाण्यात विरघळवून ब्रशने गाभ्यावर लावा. बाभूळ आणि खैर यांत टॅनिन (तुरट द्रव्य) भरपूर असतं, त्यामुळे डाग काही मिनिटांत निळसर काळा होतो. बिबल्याची परीक्षा तर बघण्यासारखी आहे. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन त्यात बिबल्याच्या चार ढलप्या टाका, तासाभराने ग्लास काळ्या कापडासमोर उन्हात धरा. पाणी तपकिरी, पण कडेला निळसर चमक दिसते.

हिराकसाचीच रासायनिक क्रिया एक मोठा धोका आधी सांगून जाते. लाकडात लोखंडी खिळा असेल तर त्याच्याभोवती टॅनिन आणि लोखंड मिळून काळा-निळा डाग पसरतो, आणि तो तंतूंच्या दिशेने लांबवर जातो. ओंडक्याच्या तोंडावर असा डाग दिसला की आत कुठेतरी लोखंड आहे, हे जवळपास नक्की. रस्त्याकडेच्या झाडांच्या खालच्या सात-आठ फुटांत जाहिरातींच्या पाट्यांचे खिळे, तारा, ट्री-गार्डच्या पट्ट्या झाडाने गिळलेल्या असतात. वाड्याच्या लाकडात हाताने घडवलेले चौकोनी मोळे असतात; त्यांचं डोकं गंजून गेलेलं, आणि दांडा आत शाबूत. लोहचुंबकावर विसंबू नका. तो वरच्या सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरपर्यंतचंच लोखंड दाखवतो, आणि पितळेची चूक (छोटा खिळा) त्याला दिसतच नाही. भिंतीतल्या वायर शोधायचा छोटा डिटेक्टर मिळतो, तो चारही बाजूंनी फिरवा. मोळा सापडला की पक्कडीने खेचत बसू नका, डोकं तुटतं. मोळ्यापेक्षा थोड्या मोठ्या व्यासाच्या पोलादी नळीला टोकाला दात पाडून घ्या, ड्रिलला लावा आणि मोळ्याभोवतीचं लाकूड कोरून अख्खा मोळा बाहेर काढा. भोक त्याच लाकडाच्या गुल्लीने बुजतं.

वाड्याच्या लाकडाबद्दल माझं मत ठाम आहे: खाण्यापिण्याच्या वस्तू त्यातून करू नयेत. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. वाळवीसाठी डामर फासलेला असतो, कीटकनाशकाच्या पावडरी मारलेल्या असतात, आणि कशावर काय मारलं याची नोंद कुणाकडे नसते. रंग असेल तर पॉलिश पेपरने घासून तो उडवू नका. हीट गनही नको. शिशाची वाफ होते. ओल्या कापडाने दाबून, खरवडणीने सोलून काढा, आणि खरवड पिशवीत बंद करा. समईची बैठक, दिव्याचा खांब, चौरंगाचे पाय, दाराच्या मुठी, कातीव डबी, यासाठी हाच साग अप्रतिम आहे. जुन्या तुळईत एका इंचात दहापेक्षा जास्त वलयं सहज मिळतात. लागवडीच्या आजच्या सागात ती कितीतरी विरळ असतात. लाटणं, पोळपाट, रवी, वाडगं यांसाठी मूळ माहीत असलेलं झाडाचं लाकूड घ्या. लाटण्याला बाभूळ किंवा शिसव उत्तम.

आता पडलेल्या झाडाकडे. शहरात झाड तोडायला, अगदी स्वतःच्या आवारातलं असलं तरी, महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ प्रमाणे परवानगी लागते. म्हणून कुणी 'ओंडका घेऊन जा' म्हणालं की परवानगीची प्रत मागावी, आणि वखारीतून घेतलं तर पावती ठेवावी. साग, शिसव, खैर वाहून नेताना ही कागदपत्रं जवळ असलेली बरी. शिसवाची वस्तू परदेशात पाठवायची असेल तर आणखी एक गोष्ट: शिसव ज्या वंशातलं आहे तो अख्खा वंश जानेवारी २०१७ पासून साइट्स (धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय) कराराच्या यादीत आहे.

ओंडका ताब्यात आला की घड्याळ सुरू होतं. एप्रिल-मेमध्ये नाशकात कापलेल्या तोंडावर त्याच दिवशी केसासारख्या चिरा दिसू लागतात. पाणी तंतूंच्या टोकांतून सर्वात वेगाने निघतं, म्हणून दोन्ही तोंडांना लगेच वितळलेलं मेण किंवा फेविकॉलचा जाड थर लावा. ओंडक्याची लांबी त्याच्या व्यासापेक्षा दोन-तीन इंच जास्त ठेवा. तोंडं फाटली तरी ती छाटून टाकता येतात. मग मधला भेंड (खोडाच्या केंद्रातला मऊ गर) गाठून ओंडका उभा चिरायचा. भेंड वाडग्यात राहिला तर वाडगं तिथून फाटणारच. वलयाच्या दिशेने लाकूड जितकं आक्रसतं, त्याच्या साधारण निम्मंच ते केंद्राच्या दिशेने आक्रसतं. सागात हे प्रमाण अंदाजे ५ टक्के आणि २.५ टक्के आहे. अख्खा गोल भेंडासकट वाळला तर हा फरक सोसायला जागाच नसते, म्हणून तो उकलतो. भेंडाच्या दोन्ही बाजूंची अर्धा-पाऊण इंच पट्टी काढून टाका.

ओलं लाकूड लेथवर आधी जाड उतरवायचं. भिंतीची जाडी व्यासाचा दहावा हिस्सा: १० इंचाच्या वाडग्याला १ इंच. यापेक्षा जाड ठेवलं तर आतलं-बाहेरचं सुकणं जुळत नाही आणि तडा जातो. पातळ ठेवलं तर वाडगं लंबगोल झाल्यावर पुन्हा गोल करायला माल उरत नाही. चकसाठीची (तुकडा पकडणाऱ्या जबड्यासाठीची) बैठकही थोडी मोठी ठेवा, कारण तीही लंबगोल होते. वाडग्यावर तारीख आणि वजन लिहा, कागदी पिशवीत घाला, वारा न लागणाऱ्या कोपऱ्यात ठेवा. दर आठवड्याला वजन करा. लागोपाठ दोन-तीन आठवडे वजन स्थिर राहिलं की लाकूड हवेशी जुळलं. जाडी आणि जात बघून याला तीन ते सहा महिने लागतात. बाभूळ आणि चिंच सर्वात त्रास देतात. वर्षावृक्ष याला सुखद अपवाद आहे. तो फार कमी आक्रसतो, म्हणून ओला असतानाच ६ ते ८ मिमी भिंतीपर्यंत एका बैठकीत पूर्ण उतरवता येतो.

'हवेशी जुळलं' याचाही अर्थ ऋतूप्रमाणे बदलतो. हवेत आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकडातलं पाणी ६ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतं, आणि ८० टक्के असेल तर १६ टक्क्यांच्या. मे महिन्यात घट्ट बसवलेलं डबीचं झाकण ऑगस्टमध्ये उघडत नाही, ते यामुळे. झाकण उन्हाळ्यात करत असाल तर हाताने सहज फिरेल इतकं सैल ठेवा.

आंब्याला वेगळं वेळापत्रक लागतं. पावसाळ्यात कापलेल्या आंब्यावर बुरशी काही दिवसांतच चढते. तिने काढलेल्या काळ्या रेघा सुंदर दिसतात, पण त्या रेघांच्या आतलं लाकूड मऊ पडलेलं असतं. नखाने दाबून बघा. नख रुतलं तर ते लेथवर नको. चीक अंगावर उततो अशा माणसाने आंब्याच्या ओल्या लाकडालाही जपून हात लावावा. पांढऱ्या भागाला भुंगेरे लागतात, कारण त्यात स्टार्च असतं. टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुगा दिसला तर तो तुकडा बाकीच्यांपासून ताबडतोब वेगळा करा.

द्राक्षाचं खोड पिळदार आणि मोहात पाडणारं असतं. पण आडव्या छेदात केंद्राकडून सालीकडे जाणारे रुंद किरण दिसतात, आणि वाळताना ते नेमकं त्यांवरच उकलतं. पेन, चाकूची मूठ, कपाटाची गोंडी, एवढंच त्यातून करावं. साल पूर्ण काढा; तिच्यावर वर्षानुवर्षांचं बोर्डो मिश्रण आणि बाकीच्या फवारण्या बसलेल्या असतात. पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचा शिक्का असतो. त्यात 'एचटी' म्हणजे उष्णता दिलेलं, 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. एमबीचं घेऊच नका. एचटीचं पाइन लेथवर सरावाला ठीक.

लेथवर चढवण्याआधी तुकडा कानाजवळ धरून दांडक्याने ठोका. अखंड लाकूड टणकन वाजतं, आतून फाटलेलं बद्द. आरपार तडा असलेलं लाकूड फेव्हिक्विक भरून फिरवू नका. गतीसाठी साधा हिशोब: व्यास इंचात गुणिले फेरे ६००० ते ९०००च्या दरम्यान. १० इंचाला मिनिटाला ६०० ते ९०० फेरे, आणि तुकडा अजून चौकोनी-ओबडधोबड असेल तर याच्याही खाली. आधी हाताने एक पूर्ण फेरा फिरवून तो टूल रेस्टला (हत्यार टेकवायच्या पट्टीला) लागत नाही ना बघा, मग बाजूला उभं राहून बटण दाबा. नुसता चष्मा पुरत नाही, पूर्ण चेहऱ्याची ढाल हवी.

खांबासारख्या कामात लाकडाच्या रेषा लेथच्या अक्षाला समांतर असतात. तिथे जाड भागाकडून बारीक भागाकडे कापत जायचं. वाडग्यात रेषा आडव्या असतात, म्हणून बाहेरून बुडाकडून काठाकडे, आणि आतून काठाकडून मध्याकडे. उलट दिशेने गेलात तर आधार नसलेले तंतू उपटतात, आणि ते प्रत्येक फेऱ्यात दोन ठिकाणी, जिथे तंतूंची टोकं समोर येतात तिथे. जाड गोल पटाशी, जिला रफिंग गाउज म्हणतात, ती वाडग्याला कधीच लावू नका. तिचा निमुळता दांडा अडकला की मोडतो. सागात सिलिका असतं, त्यामुळे चांगल्या एचएसएसच्या (हाय-स्पीड स्टीलच्या) हत्याराचीही धार दर काही मिनिटांनी पाजवावी लागते. ढलप्या निघायच्या थांबून भुकटी येऊ लागली, की धार गेली. तेव्हा जोर लावणं म्हणजे पुढचा तास घासण्यात घालवणं. कडुनिंब आणि शिरीष यांच्या उलट्या नसेला शेवटचा हात देताना पृष्ठभाग ओल्या फडक्याने पुसा आणि ताज्या धारेने अगदी बारीक काप घ्या.

पॉलिश पेपर १२०, १८०, २४०, ३२०. मधला नंबर गाळू नका, आधीच्या नंबरचे ओरखडे तेल लावल्यावर दिसतात. गती निम्मी करा, नाहीतर घर्षणाने पृष्ठभागावर तापून बारीक चिरा पडतात. भुशाचा मास्क इथेच सर्वात जास्त लागतो. शिरीष आणि वर्षावृक्षाच्या भुशाने शिंका थांबत नाहीत, शिसवाचा त्वचेला उठतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या भुशाला कर्करोगकारक ठरवलं आहे. कापडी रुमाल पुरत नाही; निदान एन-९५ हवा.

सागाला सरस किंवा पॉलिश लावण्याआधी पृष्ठभाग थिनरने पुसा, कारण त्याचं स्वतःचं तेल दोन्ही धरू देत नाही. खाण्याच्या भांड्यांना घाण्याचं जवसाचं तेल लावा. हार्डवेअरच्या दुकानातलं 'बॉइल्ड' तेल नको, त्यात लवकर वाळण्यासाठी धातूची संयुगं घातलेली असतात. शेंगदाणा तेल वाळतच नाही आणि खवट होतं. जवसाचा हात पातळ द्यायचा, अर्ध्या तासाने उरलेलं तेल पुसून काढायचं, आणि दुसरा हात दोन-तीन दिवसांनी. असे तीन-चार हात दिल्यावर वाडगं वापरण्याआधी महिनाभर तरी हवेवर ठेवा. तेलाचे बोळे चुरगाळून डब्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि बोळा आपोआप पेटतो. ते पाण्यात बुडवा किंवा दोरीवर सुटे पसरून वाळवा.